दोन पुस्तकांचा वारा

“एवढा वारा भर समुद्रातल्या दीपस्तंभाला लागत नसेल. मी नाट्यगृह बांधतोय, जहाज नाही.”

पार्टिशन प्लायवूडचं होतं आणि वरून उघडं. पलीकडच्या बाकावरची कुरकुर कितीही दबक्या आवाजातली असली, तरी ती अलीकडच्या टेबलावर येऊन पडायचीच. धाकटीनं ती ऐकली, समोरची फाईल मिटली आणि आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलीला सावकाश टोक काढायला घेतलं. आवाज तिच्या चांगला ओळखीचा होता. सणावाराला एकत्र जेवताना आमटी अळणी झाली की हाच आवाज अगदी असाच, जगानं आपल्यावर केलेला अन्याय शेजारच्याच्या कानात सांगावा तसा निघायचा. आत्ता शेजारी लिफ्टचा कंत्राटदार होता आणि तो “हो ना, हो ना” म्हणत होता.

बाकावर बसलेले गृहस्थ तिचे थोरले दीर. इमारत परवानगीच्या या खात्यात ती दर्शनी भिंतींची तपासनीस. कुणाच्या इमारतीचा चेहरा वाऱ्यात टिकेल आणि कुणाचा रस्त्यावर येईल, हे कागदावर बघून ठरवायचं, एवढंच तिचं काम. दिरांच्या नाट्यगृहाची फाईल आली तेव्हा ती साहेबांकडे गेली होती आणि म्हणाली होती, की हे माझ्या घरातले आहेत, दुसऱ्या कुणाकडे द्या. साहेबांना सगळं खातं पाठीमागे ‘शिक्का’ म्हणायचं, कारण हातात आलेल्या कागदावर तो उमटवल्याशिवाय त्यांना करमत नसे. ते म्हणाले, “विटांचं कळणारी आपल्याकडे तू एकटी. घरातले तर घरातले, दोष असेल तर काढ.” दिरांनीही हरकत घेतली नाही. घरचीच सून, म्हटल्यावर काम झटपट होईल असं त्यांनी धरलं होतं.

आपण टाळायचा प्रयत्न केला, एवढं समाधान धाकटीनं पदरात बांधून घेतलं. आणि मग फाईल उघडताना तिला जे वाटलं, ते तिनं कुणालाही सांगितलं नाही. उपाशी माणसापुढे ताट यावं तसं वाटलं होतं.

त्यामागचं प्रकरण जुनं होतं. सासऱ्यांच्या पश्चात दोघे भाऊ मिळून फर्म चालवत, आणि फर्मची एक पद्धत पडून गेली होती: हिशेब थोरल्याचा, सही धाकट्याची. थोरले हुशार, पण सहीच्या अधिकाराची परीक्षा काही त्यांच्यानं होत नव्हती. धाकट्यानं ती आधीच दिली होती. थोरले आकडे मांडत आणि धाकटा, म्हणजे हिचा नवरा, खाली नाव घालत असे. भावाचा हिशेब तपासायला घेणं म्हणजे भावाचा अपमान, असं त्या घरात सगळ्यांनाच वाटायचं. मग एका वादळात त्यांनी बांधलेल्या दुकानांच्या इमारतीची बाहेरची विटांची भिंत कोपऱ्यापासून सुटली, आणि केळ्याची साल निघावी तशी अख्खी खाली आली. रखवालदाराचा पाय गेला. चौकशी झाली. चौकशीत एकच प्रश्न होता, सही कुणाची? उत्तर कागदावरच होतं. हिच्या नवऱ्याचा सहीचा अधिकार कायमचा गेला. वर्षभरात थोरले परीक्षा पास झाले आणि फर्म नीट चालू राहिली.

नवरा टाइल्सच्या दुकानात लागला. गिऱ्हाइकाला एकच टाइल एकदा उजेडात, एकदा सावलीत धरून दाखवायची, असं त्याचं काम. तो ते मन लावून करायचा, आणि हेच तिला बघवत नसे. रस्त्यानं चालताना मात्र तो कुठल्याही विटांच्या इमारतीच्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबायचा, मान वर करायचा आणि पुन्हा चालू लागायचा. ती मुकाट्यानं शेजारी थांबायची.

घरात त्या भिंतीचा विषय कुणी काढत नसे. बोलता बोलता तिथपर्यंत आलंच, तर सासूबाई “जाऊ दे ते” म्हणत आणि सगळे आपापल्या ताटाकडे बघत.

पण धाकटीनं ते जाऊ दिलं नव्हतं. चौकशीच्या अहवालातले नकाशे तिनं मिळवले आणि सगळा हिशेब स्वतः पुन्हा मांडला. भिंत का पडली, ते तिला तिथेच कळलं, आणि ती भानगड कळायला तिचाच धंदा हवा.

खात्यात तेव्हा, आणि अजूनही, दोन नियमावल्या चालत. एक जुनी, उशीएवढी जाड. एक नवी, बाहेरून आलेली, बारीक. बदलाचा काळ लांबत लांबत गेला होता आणि सगळे त्यांना ‘जाडं पुस्तक’ आणि ‘बारीक पुस्तक’ म्हणत. कुठलंही घ्या, पण जे घ्याल, ते शेवटच्या पानापर्यंत पाळा, एवढी एकच अट.

कारण दोघांचं कशावरच पटत नव्हतं. जाडं पुस्तक वाऱ्याचा दहा मिनिटांचा सरासरी वेग देतं, आणि मधूनच येणारा जोराचा झोत नंतर हिशेबात वेगळा वाढवून घ्यायला लावतं. बारीक पुस्तक थेट झोताचाच वेग हातात ठेवतं. त्यात वाढवण्यासारखं काही उरत नाही. खात्यात नव्यानं आलेल्या मुलींना धाकटी सांगायची, की तुमच्या सासूबाई दिवसाकाठी सरासरी किती रागावतात हा एक आकडा, आणि दूध उतू गेल्यावर त्या क्षणी किती रागावतात हा दुसरा. आकडे दोन्ही खरे. कुठला धरून चालला आहात, ते मात्र विसरू नका.

विटांच्या बाबतीतही तेच. जाडं पुस्तक म्हणतं, बाहेरची विटांची भिंत आणि आतली भिंत या दोघी जावा आहेत. वाऱ्याचं ओझं दोघींनी आपापल्या ताकदीप्रमाणे वाटून घ्यावं. बारीक पुस्तकाचं म्हणणं, बाहेरची नुसती नटून उभी राहणार, तिच्याकडून कामाची अपेक्षाच नको. सगळं ओझं आतलीनं उचलायचं, आणि बाहेरचीला लोखंडी पट्ट्यांनी, ज्यांना गवंडी टाय म्हणतात, जागोजाग घट्ट धरून ठेवायचं. कुठल्याही एका पुस्तकानं चाललात तर भिंत उभी राहते. थोरल्यांनी काय केलं होतं? वेग जाड्या पुस्तकातला घेतला, कारण तो लहान. पुढची रीत बारीक पुस्तकातली घेतली, कारण तिच्यात झोत वाढवायचा नसतो. झोत दोन्हीकडून निसटला. वाऱ्याचा जोर जवळजवळ निम्मा निघाला, तेवढेच टाय घातले गेले आणि कंत्राटदार खूश झाला. प्रत्येक पान ज्याच्या त्याच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. चूक होती ती दोन पानांच्या मध्ये.

म्हणून नाट्यगृहाची फाईल तिनं चष्मा पुसून पुसून वाचली. हा माणूस पुन्हा तेच करणार, याची तिला खात्री होती. सोयीचं तेवढं उचलायची खोड अशी जात नाही. ती पानं उलटत गेली. जाडं पुस्तक. पुढे जाडं पुस्तक. कोपरे, वरची कड, खिडक्यांच्या बाजू, टायांचं अंतर, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत जाड्या पुस्तकानं, आणि वर दोन बोटं जास्तच. इतका शहाण्यासारखा हिशेब तिनं त्या महिन्यात दुसरा पाहिला नव्हता.

तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे धडा तर शिकलाय. नवऱ्याच्या सहीवर शिकलाय, आणि त्या धड्याचं फळ आता स्वतःच्या नावाच्या पाटीखाली खाणार.

तेव्हापासून तिनं शेरे मारायला सुरुवात केली होती. नाट्यगृहाची दर्शनी भिंत बाकदार होती. तिच्या कोपऱ्यावर वारा नेमका कसा ओढ घेईल हे कुठलंच पुस्तक धड सांगत नव्हतं, आणि अशा वेळी तपासनीस नमुन्याची भिंत बांधून घेऊन तिची चाचणी मागू शकतो. आणि चाचणीचा आकडाही तपासनीसच देतो. ती पेन्सिल घेऊन बसली आणि आकडा काढला. मोठा निघाला. आणखी एकदा काढला, तेव्हा अजून मोठा निघाला, आणि तो तिला फार आवडला. साहेबांनी नेहमीप्रमाणे शिक्का मारला.

तर आज दीर बाकावर बसले होते ते त्यासाठी. पेन्सिलीला पुरेसं टोक झाल्यावर तिनं त्यांना आत बोलावलं. घरी ती त्यांना भाऊजी म्हणायची. इथे तिनं “अर्जदारांनी बसावं” म्हटलं. दिरांनी आधी घरची चौकशी केली, मग हवापाण्याची, मग हसत हसत विचारलं, की हा आकडा जरा कमी नाही का होणार. ती म्हणाली, की वाऱ्याला विचारून सांगते. ते हसायचे थांबले.

त्यानंतर घरून दबाव सुरू झाला. जावेचे फोन आले. बोलणं तिच्या गुडघेदुखीपासून सुरू होऊन नाट्यगृहाशी संपायचं. मग एका दुपारी सासूबाई स्वतः आल्या. त्या थोरल्याकडे राहत. आल्या त्या स्वयंपाकघरात बसल्या आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागल्या, न सांगताच. टॉवेलच्या कडा जुळवत म्हणाल्या, की घरातल्या घरात एवढं ताणू नये. आपली माणसं आहेत. जे झालं ते झालं. धाकटी भांडी विसळत होती. तिनं विचारलं, “काय झालं, आई? नक्की काय झालं होतं?”

सासूबाईंनी पुढचा टॉवेल उचलला. उलगडलेला होता, तरी पुन्हा झटकला. “जाऊ दे ते,” म्हणाल्या.

नवऱ्यानंही संध्याकाळी तेच सांगितलं. सोड म्हणाला. मला आता त्याचं काही वाटत नाही. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही वाटत नसलेल्या माणसाचा चेहरा इतका काळजीपूर्वक कोरा नसतो. ती म्हणाली, चाचणीच्या दिवशी तुम्ही यायचं. त्यानं कशाला म्हणून विचारलं. ती म्हणाली, दुसरं काही नाही, नुसतं उभं राहायचं. त्यानं बघायला हवं होतं. त्याच्याशिवाय त्या सगळ्याला काय चव?

चाचणीचं आवार गावाबाहेर, मोकळं होतं. मध्ये गवंड्यांनी नमुन्याची भिंत उभी केली होती, बाकदार वळणासकट आणि कोपऱ्यासकट, एका मजल्याच्या उंचीची. काम देखणं होतं. सांधे असे सारखे की बोट फिरवावंसं वाटावं. कोपऱ्यावर वारा भिंतीला आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ती ओढ दाखवण्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या भिंतीच्या मधल्या पोकळीत रबरी पिशवी ठेवली होती. पंपानं ती फुगत जाईल, तशी बाहेरची भिंत बाहेर रेटली जाईल, आणि धरून ठेवतील ते फक्त टाय.

दिरांनी आईला बरोबर आणलं होतं. सावलीत खुर्ची टाकून, पाण्याची बाटली हातात देऊन त्यांना असं बसवलं होतं, की धाकटीनं कुठेही बघितलं तरी मध्ये सासूबाई याव्यात. तिला तो डाव कळला आणि तिनं सासूबाईंच्या पायांना वाकून नमस्कार केला, म्हणजे तेही राहून गेलं असं व्हायला नको. साहेब आले होते. नवरा अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून दुकानाच्या शर्टातच आला होता आणि दोन्ही हात मागे बांधून जरा लांब उभा होता.

पंपवाल्यानं हवा सोडली. मापकाचा काटा सरकू लागला. दिरांनी हिशेबात धरलेला आकडा आला, गेला, भिंत तशीच. दिरांनी साहेबांकडे पाहून मान हलवली, म्हणजे बघा, असं. साहेबांचा हात खिशाकडे गेला.

“अजून,” धाकटी म्हणाली.

काटा पुढे गेला. भिंतीतून बारीक कुरकुर ऐकू आली, खाटेवर कुणी कूस बदलावी तशी. दीर म्हणाले, की आता पुरे, नाट्यगृह आहे. तिनं त्यांच्याकडे न बघता हात वर केला आणि पंपवाल्याला पुढे जायची खूण केली. पड, ती मनात म्हणत होती. पड एकदाची, याच्या डोळ्यांदेखत पड, पुन्हा आराखडे काढू दे, पुन्हा त्या बाकावर येऊन बसू दे, कळू दे मान खाली घालून उभं राहणं म्हणजे काय.

कोपऱ्यातल्या सांध्यात केसाएवढी रेघ उमटली. ती वर चढली. मग टाय निसटल्याचा आवाज आला, आणि बाहेरची भिंत पोटातून फुगून, जणू विचार करून, सावकाश खाली बसली. धूळ उडाली. दिरांनी दोन पावलं मागे घेतली.

तिच्या छातीत काहीतरी सैल झालं. गोड होतं ते, खोटं कशाला बोलायचं? ती वळली ती नवऱ्याचा चेहरा बघायला.

नवरा भिंतीकडे बघत नव्हता. तो मापकापाशी जाऊन वाकला होता आणि काटा बघत होता. मग सरळ झाला आणि तिच्याजवळ आला. कितीतरी वर्षांत तो एवढ्या भरभर चाललेला तिनं पाहिला नव्हता.

“हा आकडा कसा काढलास?” त्यानं हळूच विचारलं.

ती सांगू लागली. वेग बारीक पुस्तकातला, कारण बाकदार कोपऱ्याला तोच जवळचा. मग ओढीचा गुणक. मग झोताची वाढ…

ती थांबली. झोताची वाढ जाड्या पुस्तकातली. वेगात झोत आधीच होता, आणि तिनं तो पुन्हा वाढवला होता. दोनदा झोत. जगातल्या कुठल्याही पुस्तकात नसलेला वारा तिनं या भिंतीवर सोडला होता. दिरांनी दोन पुस्तकांतलं सोयीचं उचललं होतं. तिनं दोन पुस्तकांतलं जाचक उचललं होतं. तिची पानंही एकेक करून बरोबरच होती.

नवऱ्यानं फक्त तिच्या कोपराला हात लावला. तो गप्प बसला असता, पुढेही बसला असता. त्याला ते छान जमायचं. हेच तिच्या ध्यानात आलं. पण राग गेला नव्हता. उलट आता त्याला कुठे जायचं, ते नीट कळलं.

ती दिरांकडे तोंड करून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “भाऊजी, भिंत तुमची चुकली नाही. आकडा माझा चुकला. मी दोन पुस्तकं एकत्र केली. हिशेब माझा, सही माझी, चूक माझी. साहेब, लिहून घ्या.”

साहेब गडबडले. अशा गोष्टीसाठी त्यांच्याकडे शिक्का नव्हता. “अगं, घाई नको,” म्हणाले, “आधी ऑफिसात जाऊन बघू.” ती म्हणाली, बघायचं काही नाही. सोपं असतं ते. तीन वाक्यं लागतात.

ती वाक्यं तिनं कुणासाठी बोलली, हे नवऱ्याला आणि सासूबाईंना कळलं. ज्यांना कळायला हवं होतं, त्या दिरांना नाही. दिरांचा आधी विश्वास बसेना, मग चेहऱ्यावर रंग आला, मग आवाज. वाचलेल्या माणसाला चढतो तो आवाज. एवढी मेहनतीची भिंत पाडली, म्हणाले. सूडबुद्धीनं पाडली, मला काय कळत नाही? आणि कशानं, तर दोन नियमावल्यांची खिचडी करून. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी करत नाही ही चूक. हे अज्ञान नाही, हा गुन्हा आहे. उद्या कुणाचा जीव गेला असता म्हणजे? अशा माणसाच्या हातात सही ठेवताच कामा नये.

“सांगा ना साहेब,” ते म्हणाले, “दोन पुस्तकं मिसळून भिंतीचा हिशेब कोण करतं?”

पंपवाल्यानं पंप बंद केला. पिशवीतली हवा निघून जात होती, तिचाच काय तो आवाज. साहेब चपलेच्या टोकानं विटेचा तुकडा ढकलत राहिले. नवऱ्यानं हात पुन्हा पाठीमागे बांधले आणि जमिनीकडे पाहिलं, जेवणाच्या ताटाकडे बघायचा तसंच. धाकटीनं तोंड उघडलं. इतकी वर्षं जपून ठेवलेलं वाक्य जिभेवर होतं, पण आता ते तिच्या तोंडून आलं असतं तर नुसता सूड झाला असता, आणि दिरांनी ते झटकून टाकलं असतं.

खुर्ची करकरली. सासूबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. पाण्याची बाटली त्यांनी खुर्चीवर ठेवली, पदर सारखा केला आणि थोरल्याकडे पाहिलं. रागानं नाही. हरवलेली वस्तू घरातच सापडल्यावर माणूस बघतो तसं.

“तू केला होतास,” त्या म्हणाल्या. “दुकानांच्या भिंतीचा हिशेब तूच तसा केला होतास. मला त्याच दिवशी कळलं होतं. आणि याला गप्प बस म्हणून सांगितलं ते मी.”